एका दमात उचललं

न्हाय न्हाय, दुखत न्हाय तितकं — पोटाला चार-पाच बारकी भोकं पाडत्यात, बास. तुमी डाळजवरनं एवढ्या लांब अंथुर्ण्याला आलाय, ते वजन उतरवायचं ऑपरेशन करू का नको इचारायला, तर मी सांगती, करा. पोटातली जेवणाची पिशवी छाटून वाटीएवढी करत्यात. एकशे बारा किलोची होते मी, ताई. हसा की, मला काय न्हाय वाटत आता. आज सत्तरच्या आत हाय. परवा बारामतीच्या ष्टँडावर आमचे हे माझ्या शेजारनं गेले, आन पुढं जाऊन मलाच फोन लावला — सारजा, कुठं हायीस म्हणून.

समदं झ्याक झालं, तेवढी एक गोष्ट सोडली तर. कुठली म्हणजे — ताकद. आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्या आतल्या खोलीत हायत. खुबा मोडल्यापासनं पाय चालत न्हायत त्यांचे. कॉटवरनं खुर्चीत, खुर्चीतनं न्हाणीत — समदं मीच. जाड होते तवा काखंत हात घालायचा आन उचलायचं, वर तोंडानं बडबड चालूच. वाटलं, बारीक झाल्यावर आणखी सोपं जाईल. कसलं काय. उन्हाळ्यात एक दिस उचलायला गेले आन हातच गळाटले, दोघी फरशीवर. लागलं न्हाय कुणाला. आत्याबाई खाली बसूनच म्हणत्यात, आता आलोयच खाली तर पत्ते काढ. दोघी हसून हसून बेजार. पण आतनं घाबरले होते मी, खरं सांगती.

डॉक्टरनं मशीनवर उभं केलं. म्हणला, चरबी गेली ते झ्याक, पण तिच्याबरोबर हातापायाचं मासबी गेलं. रागावला. पैल्या दिवसापासनं सांगत होता तो — ताटात आधी डाळ, अंडं, पनीर, मंग भाकरी, आन रोज थोडंथोडं वजन उचला. बरोबर हाय त्याचं. पण मी बसायची समद्यांच्या मागनं, तवर अंडी संपलेली, पातेल्यात नुसता रस्सा. त्यात वाटीएवढं पोट — चार घास खाल्ले की भरलं. कुणी जाच केला न्हाय हां, माझीच सवय. तुमी ती चूक करू नका. सरळ पैल्या पंगतीला बसा.

ते पडल्याचं महिन्यामागं गेलं नणंदेच्या कानावर. मनिषा, बारामतीत असती. वाईट न्हाय ती — पण म्हणली, वैनी, तुज्यानं आता व्हायचं न्हाय, महिनाभरानं येती, आईला घेऊन जाती. तुमाला वाटंल, बरंच की, सुटली ही. न्हाय ताई. लगीन झालं तवाबी मी जाडच होते. गावानं नावं ठेवली, माझ्या आईनंबी ठेवली. ह्या माझ्या सासूनं एक शब्द काढला न्हाय. समद्यांना सांगायची, माझी सून भक्कम हाय. आन ह्या घरात माझ्याशी बोलतंय कोण, त्याच तेवढ्या. आमचे हे नुसतं हुं म्हणत्यात. त्या गेल्या तर मी दिसभर बोलू कुणाशी? म्हणून तर तुमालाबी मघापासनं धरून बसवलंय.

पण आता भ्या न्हाय. आत्याबाईंनी महिन्यापासनं नियमच केलाय — त्यांच्या कॉटपाशी बसायचं आन त्यांच्या डोळ्यादेखत खायचं. मी कळशा बी उचलती रोज. आन काल, ताई — काल एका दमात उचललं त्यांना. लेकरू उचलावं तसं. म्हणलं, आत्याबाई, ताकद आली का न्हाय? तर पदर तोंडाला लावून हसल्या. येऊ दे मनिषाला ह्या रविवारी. तिच्यासमोर उचलून दाखवती.

व्हय, खात्यात की आत्याबाईबी. म्हंजे — त्यांच्यातलं अंडं माझ्याच ताटात घालत्यात, म्हणत्यात मला पचत न्हाय. दूध ठेवलं की माझ्याकडं सरकवत्यात. भाकरी आता अर्धीच. त्यातलीबी चिमण्यांला टाकत्यात खिडकीतनं. भूक मरती की म्हातारपणी, दुसरं काय. दारातनं दिसल्या व्हय त्यांच्या बांगड्या, झाल्यात ढिल्या, कोपरापातूर जात्यात —

डॉक्टर म्हणला हुता, ताकद यायला वरीस जाईल.

महिन्यात कशी आली मंग?

तुमी अशा बघू नका माझ्याकडं. न्हाय, च्या नको, काय नको, निघा तुमी आता. पाचची गाडी गावंल. ऑपरेशनचं मागनं बोलू, फोन करा — चपला त्या दाराआड हायत तुमच्या.

आत्याबाई, उठा. झोपल्याचं सोंग नका करू, समदं ऐकलंय तुमी. मला उचलायला हलकं जावं म्हणून पोट मारताय व्हय? रविवारी उचललं तर उचललं, न्हाय तर न्हाय, मनिषाला काय म्हणायचं ते म्हणू दे. दोन अंडी उकडायला टाकती. आन तुमी खाईपातूर मी हितनं हलणार न्हाय.