व्याह्याच्या ओसरीवरचा गुलाल

माझं कोणी ऐकलंच नाही, बायांनो! तेव्हा विधानसभेची मतं पेटीपेटीनं मोजत. दुपारी निरोप आला, आमचा उमेदवार दोन हजारानं पुढे. आमचे हे गुलालाची परात घेऊन निघाले, ते थेट व्याह्याच्या दारी. व्याही दुसऱ्या पक्षाचे, आणि पोरीचा साखरपुडा नुकताच झालेला.

मी उंबऱ्यातच अडवलं. "थांबा! उघडल्या त्या पेट्या साऱ्या आपल्याच विणकर मोहल्ल्यातल्या. नाल्यापलीकडच्या बंदच हायेत अजून."

"तुले काय समजते वं? चूल पाह्य."

गेले, आणि व्याह्याची ओसरी लाल करून आले. संध्याकाळी नाल्यापलीकडच्या पेट्या उघडल्या. आमचा उमेदवार साठ मतांनी पडला.

थोड्या वेळानं व्याही आमच्या दारात उभे. मी मनात म्हटलं, मोडली सोयरीक.

"लग्न होईल हो," व्याही म्हणाले, "पण जिंकून राहिले होते न तुम्ही? मग हरवलं कोणं?"

वीस वर्षांच्या संसारात यांनी माझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं.

"निघताना टोकलं न, व्याहीबुवा! आमच्या सगुणानं!"