फोनवर सांगितलेला रिपोर्ट

(तुळजापुरातली एक खासगी लॅब. खुर्चीवर सोनाली, मांडीवर कपड्यांची पिशवी. शेजारी तिची सासू मथुराबाई. समोर डॉक्टर निवेदिता.)

मथुराबाई: पुन्यांदा रक्त काढलंत, त्यातनं काय येगळं निघनार, बाई? काल तुमच्याच माणसानं फोनवर सांगितलं, सुनंला दिवस गेल्यात म्हणून. माझा ल्योक जाऊन दोन वर्सं झाली.

निवेदिता: त्यानं ते सोनालीलाच सांगायला हवं होतं. ती चूक आमची.

मथुराबाई: घरात फोन एकच, तो माझ्यापाशी. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन म्हणून तपासायला आणली, आन् हे निघालं. कापडं बांधून आणलीत हिची. इथनंच अणदूरला जाईल, माहेरी. नात निकिता माझ्यापाशी ऱ्हाईल.

निवेदिता: थांबा जरा. सोनोग्राफीत गर्भ दिसला नाही, म्हणून मला शंका आली. लघवीची तपासणीही कोरी आली.

मथुराबाई: म्हंजी मशीन खोटं बोलली?

निवेदिता: फसली. या तपासणीत दोन प्रतिपिंडं असतात. गरोदरपणाचं द्रव्य रक्तात असेल तर एक ते धरून ठेवतं, दुसरं त्यालाच वरून चिकटतं आणि उजेड पाडतं. द्रव्य नसेल तर दुसरं धुऊन जातं, उजेड पडत नाही. पण कुणाच्या रक्तात असं काही असतं की ते या दोघांनाच परस्पर जोडून टाकतं. मग द्रव्य नसतानाही उजेड पडतो.

सोनाली: माझ्या रक्तात कुठनं आलं ते?

निवेदिता: नक्की सांगता येत नाही. तपासणीतली प्रतिपिंडं उंदीर, शेळी अशा जनावरांपासून बनवतात. सतत जनावरांत वावरणाऱ्यांच्या रक्तात कधीकधी त्यांना जोडणारं काही तयार होतं.

सोनाली: शेरडं हायत आमची. कुणाची शेळी विताना अडली की आमच्या बेंबळी गावात मलाच बोलवत्यात.

मथुराबाई: हात हलका हाय तिचा.

निवेदिता: रक्तातलं ते जोडणारं काही लघवीत उतरत नाही. खरंच दिवस गेले असते, तर लघवीतही दिसलं असतं. आज काढलेल्या रक्तात त्याला अडवणारं औषध घालून पुन्हा तपासलं. काही नाही. सोनाली गरोदर नाही, आजी. तसं लिहून देते.

मथुराबाई: आई भवानी. ऊठ सोनाली, घरला चल. दे ती पिशवी, म्या धरते.

सोनाली: ऱ्हाऊ द्या, आत्या. माझी मी धरते.

मथुराबाई: मनात ठिवू नगंस. एवढी मशीन फसली, म्या तर अडाणी बाई.

सोनाली: घरी येते मी. निकितासाठी येते. पण मॅडमला मशीनची शंका आली, तर त्यांनी परत तपासलं. तुम्ही मला एकदा इचारलंबी न्हाय.