चंद्रज्योतीच्या सोललेल्या बिया

मी, बबिता सुनील राठोड, वय २३ वर्षे, धंदा शेतमजुरी, शिक्षण चौथी, राहणार तांडा, ता. घाटंजी, जि. यवतमाळ. आज दि. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी नवरा आणि मुलगी सोनू, वय ४, यांच्यासोबत राहते. माझ्या घराले लागून बसंती फुलसिंग चव्हाण हिचं घर हाय. तिचा पोरगा जीवन पाच वर्षांचा.

आमच्या दोघींच्या आंगणाले चंद्रज्योतीचं कुंपण हाय. चार सालाआधी रोपवाटिकेतून फांद्या मीच आणल्या, बसंतीलेबी मीच देल्या. हे झाड बाहेरच्या देशातलं हाय, याच्या बियात विष असते, असं तिथल्या माणसानं सांगितलं होतं. पाणी लागत नाही. रानडुकरं येणं बंद झाले. आधी दरसाली बोराटीचे काटे आणा लागे. तांड्याचे नायक हिरासिंग बाबा म्हनले, "जे बकरी खात नाही ते दारात कायले लावून राह्यली वं?" मी म्हनलं, "बकरीनं खाल्लं असतं तं कुंपण राह्यलं असतं का बाबा?" बसंती लय हासली.

आज दिवाळीची अमावस. आमच्यात आज संध्याकाळी पोरी दिवा घेऊन घरोघरी 'मेरा' कराले, म्हणजे ओवाळाले जातात. सोनूचं पयलं साल. मातीचा दिवा तिच्या हातून पडन म्हणून काल दुपारी मी चंद्रज्योतीच्या बिया सोलून खराट्याच्या काडीत ओवल्या. त्या मेणबत्तीवानी जळतात. उरलेल्या सोललेल्या बिया ताटात ठेवून हापशीवर गेली.

परत आली तं ताट रिकामं. तवा साडेतीन वाजले होते. सोनू म्हने, "याडी, शेंगदाणे गोड होते. जीवननं जास्त खाल्ले."

मी सोनूच्या तोंडात बोट घालून तिले ओकाले लावलं. बसंतीले सांगितलं नाही. ती ओट्यावर जीवनले आंघोळ घालून राह्यली होती. मले भेव वाटलं.

साडेपाचले जीवनले उलट्या अन् हगवण लागली. दवाखान्यात नेताना ऑटोत बसंतीनं विचारलं, "काय खाल्लं असन वं यानं?" मी म्हनलं, "कुंपणाच्या बिया तोडल्या असतीन." तिनं जीवनच्या थोबाडात मारली. "सांगितलं होतं ना, कुंपणाले हात लावू नको!" तवाबी मी खरं सांगितलं नाही.

सोनू बरी हाय. जीवन यवतमाळले सरकारी दवाखान्यात सलाईनवर हाय. डॉक्टर म्हनले, दोन घंटे आधी आणलं असतं तं इतकं पाणी अंगातून गेलं नसतं. ते दोन घंटे मी घरीच होती.

जमादार बाईनं हा जबाब वाचाले घेतला तवा बसंती बाहेर बाकड्यावर बसून होती. तिचा जबाब माझ्यामागून हाय. मी बाईले म्हनलं, जोरानं वाचा, तिले ऐकू गेलं पाहिजे. बाईनं तसाच वाचला. मी सांगितलं तेच लिवलं हाय. बरोबर हाय.

सही : बबिता सुनील राठोड