समोरचा वर्ग

मी नागपूरची. नागपूर म्हटलं की लोक लगेच ती बंगल्यांची धरमपेठ म्हणतात, तर तशी नाही, मी जुन्या वस्तीतली, महाल भागातली, बाबा पोस्टात, आई घरी, आम्ही तिघी बहिणी, आणि मला लहानपणापासून एकच वेड, बाई व्हायचं, म्हणजे शाळेतली बाई. दुपारी सगळे झोपले की मी उशा ओळीनं मांडायची आणि त्यांना शिकवायची, त्यातली एक उशी सारखी पडायची, तिनं माझा फार मार खाल्ला. बी.ए. केलं, बी.एड. केलं, लग्न झालं तरी शाळा सोडली नाही, आठ वर्षं तिसरीचा वर्ग होता माझ्याकडे. साठ-पासष्ट मुलं, एक पंखा, तोही करकरणारा, आणि त्याच्या वरताण माझा आवाज. हेडबाई म्हणायच्या, अहो माधुरीबाई, तुम्ही पाढे घेता आणि बाजूचा वर्ग म्हणायला लागतो. मला त्याचा अभिमान होता, काय सांगू तुम्हाला, आवाज म्हणजे आपली कमाई असं वाटायचं.

मग २००१ साली ह्यांना व्हिसा मिळाला आणि आम्ही मुलीला घेऊन आलो इथं, अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला, कारण धाकटे दीर आधीपासून इथं होते. तेव्हा इथं अर्धी घरं बांधून व्हायची होती, जिकडे पाहावं तिकडे माती. दीर आणि माझी जाऊ वैशाली, पुण्याची, इंजिनिअर, दोघं पाच-सहा वर्षांपासूनचे, ग्रीन कार्ड झालेलं, मोठी गाडी, मोठं घर. आता बघा, घरात मी थोरली, ती मला ताई म्हणते, पण इथं थोरली झाली ती. ती ड्राइव्ह करायची, मी बाजूला बसायची. दुकानात मी दुधाला हात लावला की, ताई ते नाही, लाल झाकणाचं घ्या. चांगल्या मनानं सांगायची, मी नाही म्हणत नाही. पण मला वाटायचं, आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना सांगितलं काय घ्या अन् काय ठेवा, आता ही मला दूध शिकवून राहिली.

माझा व्हिसा डिपेंडंटचा, काम करायची परवानगीच नाही. मुलगी शाळेत गेली की घर खायला उठायचं.

त्याच हिवाळ्यात वैशालीच्या कंपनीनं माणसं काढली, तिलाही काढलं. खरं सांगू का, तोंडानं मी हळहळले आणि पोटात बरं वाटलं. झालो बाई आता दोघी सारख्या, असं वाटलं. ती सकाळी यायची, आम्ही पोळ्या करायचो, गप्पा मारायचो, ते तीन-चार महिने इतके छान गेले की विचारू नका. आणि एक दिवस मी कणीक मळत होते, तर ही म्हणाली, ताई, इथल्या शाळांना स्पेशल एज्युकेशनचे, म्हणजे ऑटिझम वगैरे असलेल्या मुलांचे, टीचर्स मिळतच नाहीयेत, चार वर्षांची कुठलीही डिग्री चालते, आधी वर्ग घ्यायचा, संध्याकाळी कोर्सेस करायचे, तीन वर्षांत सर्टिफिकेट, मी अप्लाय केलं आणि त्यांनी मला बोलावलंसुद्धा. मी म्हटलं, तू? शिकवणार? अगं तुला पोरांचा आवाज झाला की डोकं दुखतं. ती म्हणाली, शिकेन ना ताई. त्या दिवशीच्या कणकेच्या पोळ्या चामड्यासारख्या झाल्या, ह्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, पीठ बदललं.

आणि आली ना ती माझ्याकडेच! पहिल्याच महिन्यात प्रिन्सिपल वर्ग बघायला येणार होती, तर ही हातात पिशवी घेऊन दारात, ताई, लेसन प्लॅन कसा काढतात हो? काढून दिला मी. प्रस्तावना, हेतुकथन, विषय, संकलन, सगळं आमच्या बी.एड.ला घोटून घेतलं होतं तसं, वर तक्ते करून दिले, रंगीत कागद कापून फळं चिकटवली, हात दुखले माझे. प्रिन्सिपल खूश. पुढे गणपतीला सगळे मराठी लोक जमले तेव्हा ही आपण होऊन सगळ्यांना सांगून राहिली, की पहिला पाठ ताईंनी काढून दिला होता, बरं का. लोकांनी ऐकलं, मान डोलावली, आणि तिला विचारलं, वैशाली मॅडम, कशी असतात हो ती मुलं? आणि मला म्हणाले, वहिनी, मोदक काय सुंदर झालेत. त्यात भर म्हणजे माझी मुलगी, दहा वर्षांची, तिच्या शाळेत कुणी विचारलं असेल, तर घरी येऊन मला सांगते, आई, आय टोल्ड देम माय काकू इज अ टीचर. मी म्हटलं, अगं मीपण टीचरच आहे. तर म्हणते, नो आई, काकू इज अ रियल टीचर. पोरीचा काय दोष, तिनं मला कधी वर्गात पाहिलंच नव्हतं की.

जळत होते मी. लिहा तुम्ही, तसंच लिहा, मला लाज नाही. लोकांना दागिन्यांचा, बंगल्याचा हेवा वाटतो, मला तिच्या शाळेच्या किल्लीचा वाटायचा. निळ्या दोरीत गळ्यात घालायची ती, आणि आमच्याकडे चहाला आली तरी काढायची विसरायची. किंवा विसरत नसेल, देव जाणे.

२००५ साली आमचं ग्रीन कार्ड झालं. मी दुसऱ्याच दिवशी माझ्या डिग्र्या तपासायला पाठवल्या. तर काय आलं उत्तर, की तुमचं बी.ए. तीन वर्षांचं, इथं चार वर्षांचं लागतं, आणि बी.एड. एका वर्षाचं, ते कुठं बसवायचं त्यांनाच कळेना. कॉलेजात जाऊन क्रेडिट्स भरून काढा, मग बघू. वैशालीचं इंजिनिअरिंग चार वर्षांचं, ते चाललं. जिनं जन्मात खडू धरला नाही ती टीचर आणि मी अपुरी! मी त्या दिवशी रडले, भांडी घासता घासता, नळ मोठा सोडून.

पण घरी बसणारी मी नाही. गाडी शिकले, दोनदा नापास होऊन शिकले, संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं, जिथं माझ्या बाजूला माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी पोरं, आणि दिवसा असिस्टंटची नोकरी धरली. असिस्टंट म्हणजे मुलांना बसमधून उतरवून घ्यायचं, कोट काढायचे, बाथरूमला न्यायचं. जागा कुठं निघावी, तर वैशालीच्याच शाळेत. एकाच घरातल्या म्हणून एका वर्गात ठेवलं नाही, पण तिच्या बरोब्बर समोरच्या वर्गात दिलं. दाराला उभी काच. मी कोट अडकवताना मान वळवली की ही दिसायची, खाली जमिनीवर बसलेली, भोवती सहा पोरं. सहा! मी मनात म्हणायची, सहा पोरांना काय लागतं शिकवायला, माझ्याकडे दे, दिवाळीपर्यंत पाढे म्हणून घेते.

आणि दिला ना देवानं चान्स. तिची असिस्टंट एक दिवस आली नाही, तर नात्याबित्याचं कोण बघतं, मला तिकडे पाठवलं. वैशालीला फोन आला म्हणून ती ऑफिसात गेली, दुसरी एक बाई मागे बसली होती, मी उभी राहिले. मी दोन टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, गुड मॉर्निंग चिल्ड्रन! अगदी महालातल्या शाळेतला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, फक्त तिथं शेवटचा बाक नव्हता. तिथं ऑलिव्हिया म्हणून एक मुलगी होती, सहा वर्षांची, बोलायची नाही. तिनं दोन्ही कान दाबले, किंचाळली आणि टेबलाखाली जाऊन बसली. मी वाकून म्हटलं, कम, कम, तर ती आणखी आत. तिच्याकडे पाहून दुसरा रडायला लागला, मग तिसरी. आणि तेवढ्यात वैशाली आली. तिनं दिवा एक बंद केला आणि टेबलाच्या बाहेर जमिनीवर जाऊन बसली, तोंड दुसरीकडे करून, गप्प. मला वाटलं ही काही करत का नाही. बराच वेळ नुसती बसली. मग टेबलाखालून एक हात आला आणि तिच्या गळ्यातली ती निळी दोरी धरली त्या पोरीनं.

तुम्हाला वाटेल, तेव्हा माझे डोळे उघडले असतील, जाऊबद्दल प्रेम दाटून आलं असेल. छे हो! तेव्हा तर सगळ्यात जास्त जळले. आतापर्यंत असं होतं, की तिला जागा मिळाली पण येतं मला. आता कळलं की तिला येतं. मग माझ्याकडे राहिलं काय? पोरांच्या आवाजानं जिचं डोकं दुखायचं, ती त्यामुळेच गप्प बसायला शिकली असेल, आणि मला तर गप्प बसणं म्हणजे काम न करणं वाटायचं.

पण मी बघत राहिले. काचेतून बघायची, काय करते, कशी करते. हात धुणं शिकवायचं तर नळ सोडण्याचं एक चित्र, साबणाचं एक चित्र, एकेक करून, घाई नाही. घरी येऊन मी आरशासमोर हळू बोलायची प्रॅक्टिस केली. मुलगी म्हणाली, आई, व्हाय आर यू व्हिस्परिंग? दोन वर्षं संध्याकाळचं कॉलेज, आणि २००७ च्या उन्हाळ्यात क्रेडिट्स झाली पुरी. आता मलाही तीच वाट मोकळी, वर्ग घ्या, कोर्सेस करा, सर्टिफिकेट मिळवा. आणि त्याच उन्हाळ्यात वैशाली आली, म्हणाली, ताई, मी शाळा सोडतेय. इथं डेटा सेंटर्स आलीयत ना, पगार जवळजवळ दुप्पट, आणि खरं सांगू, दमले मी.

सोडतेय! चप्पल काढून ठेवावी तसं. मी सहा वर्षं ज्याच्यासाठी तडफडले ते हिनं दमले म्हणून ठेवून दिलं. मी म्हटलं, मग तो वर्ग? ती म्हणाली, तुम्ही घ्या ना, मी प्रिन्सिपलना सांगितलंय तुमचं नाव. म्हणजे तेही हिच्याच हातून यायचं! इंटरव्ह्यू माझा मी दिला, नोकरी माझी मी मिळवली, पण हिनं नाव सांगितलं होतं ते सांगितलंच होतं.

ऑगस्टमध्ये किल्ली आली माझ्या गळ्यात. आणि पहिल्या दिवशी ऑलिव्हिया वर्गात शिरली, मला पाहिलं आणि परत दाराशी जाऊन उभी राहिली, काचेला नाक लावून. दुसऱ्या दिवशीही तेच. कितीतरी आठवडे. मी उठवलं नाही, ओरडले नाही, दाराजवळ जमिनीवर जाऊन बसायची, तोंड दुसरीकडे करून. वैशाली शुक्रवारी जेवायला यायची आणि ताटावर बसायच्या आधी विचारायची, ताई, ऑलिव्हिया कशी आहे, आठवण काढते का हो? मी म्हणायची, मजेत आहे गं, रमली. ती म्हणायची, हो का, बरं झालं, आणि मग भात चिवडत बसायची. ती पोर तिच्यासाठी दाराशी उभी राहायची हे मी तिला सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही, तुम्ही लिहिलंत आणि तिनं वाचलं तर वाचू दे.

दिवाळीच्या सुमारास एकदा माझ्या किल्लीची दोरी धरली ऑलिव्हियानं. धरली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली, धप्पकन. मी हललेसुद्धा नाही.

तेव्हा समोर मार्ता बसली होती. मार्ता माझी असिस्टंट, एल साल्व्हाडोरची, तिकडे अकरा वर्षं शाळेत शिकवलेली, आणि इथं कोट अडकवते. ऑलिव्हिया मांडीवर आली तेव्हा मार्तानं माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला विचारू नका, मला त्या नजरेचं सगळं माहिती आहे, आतून बाहेरून. मी काचेतून तशीच बघायची.

आता तीन वर्षांनी, ह्या मे महिन्यात माझा शेवटचा कोर्स संपला, सर्टिफिकेट आलं, फ्रेम करून लावलंय, आणि फ्रेम वैशालीनंच आणली, आणू दे. मार्ताला मी शनिवारी घरी बोलावलंय, तिच्या डिग्र्या घेऊन, कुठं पाठवायच्या, कुठलं कॉलेज स्वस्त पडेल, सगळं सांगणार आहे. जळ बाई, पोटभर जळ, त्यानंच माणूस गाडी शिकतं, आणि देव करो, तुझ्या गळ्यात तुझी किल्ली पडो. एवढं मात्र तिला आत्ताच सांगून ठेवलंय, की पाठ तुझा तू काढायचा, तो मी काही काढून देणार नाही.