बयाबाईचं उकळलेलं पाणी

मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात बयाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाईनं विचारलं,

"पोराचं जुलाब अजून थांबलं न्हाईत व्हय?"

"न्हाय की. डॉक्टर म्हणला, पाणी उकळून पाजा. मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय, सोता उकळतो."

"खळखळ उकळतंय न्हवं?"

"बंबागत."

"मग निवंपातुर पोरगं दम धरतंय?"

"दम कशाला? रांजणातलं गार विसण घालतो की."

"अवो, ते काय आंघोळीचं पाणी हाय? रांजणातलं कच्चंच गेलं की पोटात."

बयाबाईनं नातवाचं टोपडं नीट केलं.

"मग कसं निववायचं?"

"झाकून ठिवा, आपसूक निवतंय. पर आता डॉक्टरला काय सांगशीला?"

"सांगतो की, सून विसण घालतीया."