विहारातली खुर्ची

(भातकुलीजवळचं एक खेडं, १९६४. मोतीराम खाटेवर बसलेला, उजवा पाय पुढे ताठ. बायको भागीरथा त्याच्या गुडघ्याला तेल चोळते आहे. उद्या त्यांच्या मुलीचं, शकुनचं, गावातल्या बुद्धविहारात लग्न.)

मोतीराम : दाब अजून.

भागीरथा : दाबूनच राहिली न मी. माहे हात भरून आले.

मोतीराम : जराक तरी वाकला का?

भागीरथा : नाई.

मोतीराम : तू जीव लावून नाई दाबत.

भागीरथा : जीव लावून काय होते वो? डाक्टरनं दोनी हाडं जोडून एक केले. क्षयानं सांधा खाल्ला होता. पलस्तर कापलं तवा तुमच्यापुढंच सांगतलं त्यायनं, हा पाय आता दुखनार नाई, अन् वाकनार बी नाई.

मोतीराम : मले वाटलं, थोड्या दिवसाचं सांगून राहिला.

भागीरथा : चालता येते न तुमाले? आधी ह्याच खाटेवर पडून रातभर बोंबलत होते. आता पार नदीपर्यंत जाता.

मोतीराम : जातो. तिथी जाऊन काय करू? सकाळी लोटा घेऊन गेलो का बाभळीले धरून लोंबकळतो वानरावानी. वावरात निंदाले बसता येत नाई, पंगतीत बसता येत नाई. चालून चालून मानूस जाईन कुठी?

भागीरथा : ते पाहू मंग. उद्याचं बोला. शेजारचा गोवर्धन आला होता. शाळेतून खुर्ची आनतो म्हने, विहारात ठेवतो तुमच्यासाठी.

मोतीराम : खुर्ची?

भागीरथा : मंग? खाली बसान त पाय थेट बुद्धाच्या तसबिरीकडं जाते.

मोतीराम : आडवा करून बसतो, भिताडाजवळ.

भागीरथा : वाट अडते लोकायची. मांगच्या पुनवेले लहानगी शालू तुमच्या पायाले अडखळून पडली, इसरले? तवापासून वंदनेलेच नाई आले तुमी.

मोतीराम : गोवर्धनले सांग, खुर्ची आनू नको.

भागीरथा : कावून?

मोतीराम : कावून, हे तू इचारते? विहार बांधलं त्या वर्षी अमरावतीचे सायेब आले होते. आपल्यातलेच, शिकलेले. त्यायच्यासाठी शाळेची हेच खुर्ची मांडली होती. कोनं उचलली?

भागीरथा : तुमी.

मोतीराम : काय म्हनलो होतो?

भागीरथा : इथी कोनी वर नाई बसनार अन् कोनी खाली नाई बसनार.

मोतीराम : सायेब इस्तरीच्या पॅन्टीनं सतरंजीवर बसले, माह्या मांडीले मांडी लावून. माहा बाप जिंदगीभर लोकायच्या ओट्याखाली मातीत बसला व. ते वर, हा खाली. मी बी तसाच बसलो बापाच्या बाजूले. अन् आता पोरीच्या लग्नात मीच समद्यायच्या वर बसू?

भागीरथा : तो काय मान हाय? लाचारी हाय ते. लोकायले समजते.

मोतीराम : मोठ्यायले समजते. लेकरायले काय दिसंन? एक वर, बाकी खाली.

भागीरथा : मंग पोरीले काय सांगू मी?

शकुन : (पुढे येत) काही सांगू नको माय, आयकलं मी. बाबा, गोवर्धनदादाले खुर्चीचं मीच बोलली होती.

मोतीराम : तू?

शकुन : तुमी उचलली ते खुर्ची मले याद हाय. सायबायले पानी मीच देलं होतं. पन पंचशील घेताना तुमी माह्या मांगं बसलेले पायजे. बाकी मले काही समजत नाई.

मोतीराम : बसनं आता माह्या हातात नाई राहिलं बाई.

शकुन : मंग काय करान?

मोतीराम : दारात उभा राहीन. तू मान वळवली का दिसीन.

शकुन : समदे आत बसतीन, अन् माहा बाप दारात?

भागीरथा : दारात उभं राहाचं सुटलं पायजे म्हनून त धम्म घेतला आपन. तुमी पुन्हा दारातच जाता?

मोतीराम : मालूम हाय मले. रडू नको शकुन. अन् तू ते तेलाची वाटी ठेवून दे. आता नको चोळू.

भागीरथा : उद्या चोळीन पुन्हा.

मोतीराम : नाई. कधीच नको. उगाच वाट पाह्यते मानूस.

भागीरथा : अन् जेवनाचं?

मोतीराम : ताट घरी आनजो.

भागीरथा : लई वेळ लागते वो. वंदना, गाथा, मंग भाषनं. उभ्यानं थकान तवा काय करान?

मोतीराम : घरी येईन. चालता येते न मले.