पंपाच्या जाहिरातीतली बाई

सेनगावच्या स्टँडवर शिला गाडीची वाट पाहत होती. भिंतीवर पाण्याच्या पंपाची जाहिरात रंगवून घेणारा दुकानदार आणि तांड्यावरची जमनाबाई यांची चांगलीच जुंपली होती.

“काकू, तुमी बायांनी बोंब मारली म्हणून तर चित्रातल्या बाईला अंगभर लुगडं नेसवून राहिलो. आता काय तकलीफ हाय?”

“वर काय लिवलं, ते वाचून दाखव.”

“‘बायकोसारखा राबतो, पण कुरकुर करत न्हाई.’ गंमत हाय ती!”

“तुझी बायको हसली का?”

“तिला काहून मधात आणता?”

“मग आमाला काहून आणलं?”

जमनाबाईनं पेंटरचा ब्रश ओढून घेतला, पण तिचा हात अक्षरांपर्यंत पोचेना.

शिला उंच होती. तिची गाडी लागली होती. तिनं ती जाऊ दिली आणि जमनाबाईच्या हातून ब्रश घेतला.